उन्हाळी टेनिस : आधी चेंडू बदला
एकानं विचारलंय की उन्हाळी टेनिसच्या बॅचमध्ये सहा वर्षांच्या पोरापासनं साठीच्या काकांपर्यंत सगळ्यांना एकाच कोर्टवर कसं घ्यायचं. भावा, आधी चेंडू बदल. लहानग्यांना नेहमीचा पिवळा चेंडू दिला की टप्पा पडून डोक्यावरनं जातोय आणि पोरगं चार दिवसांत यायचं बंद होतंय, लहानग्यांसाठीचा टेनिसचा लाल चेंडू पिवळ्यापेक्षा 75 टक्के हळू असतोय, त्याला 36 फुटांचं छोटं कोर्ट खडूनं आडवं आखायचं, बाजूची जागा धरून मोठ्या कोर्टवर चार बसत्यात. माझी पुतणी पहिल्यांदा सलग सहा शॉट खेळली तेव्हा रॅकेट तिथंच टाकून आईकडं पळत सुटली! नवशिक्या काकालोकांनाबी पिवळा नको, नारिंगी चेंडू (लालपेक्षा वेगवान, पिवळ्यापेक्षा हळू) द्या, धावपळ कमी होते. आणि मे महिन्यात बॅच सकाळीच ठेवा, आपल्या कोल्हापुरात संध्याकाळी वळीव आला की खेळ बंदच.