बांधाची तडजोड टिकत का नाही?

तासगावकडच्या बांधाच्या भांडणात तंटामुक्ती समितीपुढे (गावातले तंटे गावातच मिटवणारी समिती) समेट झाला, तरी पुन्हा बांध कोरला, मग समितीचा उपयोग काय, असं एकानं विचारलंय. उपयोग आहे, पण समितीपुढच्या साध्या कागदाला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नसतं.

आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी घ्या, 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) हातात आल्यावर दोघांसमक्ष हद्दीचे दगड रोवा. कागदात नुसतं 'गुण्यागोविंदाने राहू' नको. गट नंबर, बाजू, खुणेपासूनचं अंतर लिहा. सह्या सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या हव्यात. घोळ इथंच होतो: सासरी गेलेल्या बहिणीचं नाव उताऱ्यावर असतं, पण तिला विचारतंय कोण! तिच्या संमतीशिवाय झालेली तडजोड तिच्यावर बंधनकारक नाही, आणि तिला वगळणं अन्यायाचंही आहे.

मग हेच प्रकरण दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं, म्हणून विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत न्या. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच धरतात, त्यावर अपील नाही.

आणि अ‍ॅट्रॉसिटीची, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराची, तक्रार 'गावात मिटवू' म्हणून समितीत कधीच आणू नका. तो गुन्हा तडजोडीचा नाही. तिथं समेट म्हणजे फिर्यादीवर दबावच.