विंडोज १० वाला पीसी भंगारात का द्यायचा? आणि 'म्युझियम' कोणाला म्हणता?

नौपाड्याचा_जुना_पीसी

परवा एकाने मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आजही ज्याच्या घरी विंडोज १० आहे तो माणूस नसून म्युझियम आहे, असले डबे भंगारवाल्याला द्या, नवीन लॅपटॉप घ्या आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'डेंजरस डेव्ह' असल्या जुन्या गेमच्या आठवणींचं लोणचं घालणं बंद करा. दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

माझा पीसी २०१४ चा. लॅमिंग्टन रोडला उन्हात चार दुकानं फिरून एकेक पार्ट घेतलेला आणि कॅबिनेट मांडीवर ठेवून ठाणे लोकलने आणलेला, आय५ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम. २०१९ ला त्यात एसएसडी टाकली तेव्हापासून चहाचं आधण ठेवून येईपर्यंत चालू झालेला असतो. सोसायटीचे हिशोब, मुलीचे प्रोजेक्ट, माझं एज ऑफ एम्पायर्स २, सगळं मख्खन. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे माणूस ठणठणीत आहे पण रेशनकार्डावर नाव नाही, म्हणून मेला असं समजा! कोणी ठरवलं?

आणि प्रिन्सबद्दल बोलायचं नाही. मागच्या महिन्यात मुलीला डॉसबॉक्सवर (जुने डॉसचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लावून दिला. बाराव्या लेव्हलला स्वतःच्याच सावलीशी लढून लढून रडकुंडीला आली, तिला मारलं की आपणच मरतो. मी म्हटलं, खालचा बाण दाब, तलवार म्यान कर आणि सरळ तिच्या अंगावर चालत जा. तिने केलं, दोघं एक झाले, आणि पोरगी खुर्चीतून उठून उभी राहिली. साठ मिनिटांचा गेम, १९९० चा. आजच्या १०० जीबीवाल्या गेममध्ये असा एक क्षण दाखवा.

कोपरखैरणेचा_कोडर

ते लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही.

दादा, तुमचा पीसी चालतो का हा प्रश्नच नाहीये. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे फुकटचे सिक्युरिटी पॅच संपले. घरगुती वापराला एक वर्ष वाढवून दिलंय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर पैसेही नाहीत, नाहीतर ३० डॉलर. किती जणांनी केलंय ते? तुम्ही केलंय? तीस टक्के लोक तर अपडेटचा निरोप आला की 'नंतर' दाबतात आणि मग बँकेच्या नावाने शंख करतात.

माझे सख्खे काका, नेरुळला राहतात. जुना पीसी, वर्षानुवर्षं अपडेट बंद, कारण कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने सांगितलं 'अपडेटने स्लो होतो'. एका सकाळी सगळ्या फोटोंच्या नावापुढे भलतंच शेपूट आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी, पैसे द्या. चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. काकू आठवडाभर जेवली नाही नीट. त्यांना सांगा तुमचा रेशनकार्डाचा जोक.

आणि महत्त्वाचं काय असेल ते क्लाउडवर टाका, मग मशीन राहिलं काय नि गेलं काय. डबा म्हणजे डबा.

सीवूड्सचा_राजपुत्र

दोघांचं चालू द्या, फक्त एक दुरुस्ती. प्रिन्स १९८९ चा, ॲपल २ वर आला, डॉसवर १९९० ला. जॉर्डन मेकनरने भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून चित्रं काढली, म्हणून तो पळताना खरा माणूस वाटतो. आणि 'प्रिन्स स्पेस मेगाहिट' हा चीट कोड टाइप न करता बाराव्या लेव्हलला पोचली असेल तर मुलीला माझ्याकडून मस्तानी.

नौपाड्याचा_जुना_पीसी

@राजपुत्र मेगाहिट मीच शिकवलं तिला, आता काय लपवायचं.

@कोडर काकांचं वाईट वाटलं, खरंच. पण ज्याने अपडेट बंदच ठेवलेत त्याला विंडोज ११ देऊन काय होणार होतं? तिथेही तोच रिपेअरवाला येऊन तेच बटण बंद करून गेला असता. दोष सवयीचा आणि बॅकअप नसण्याचा, खापर फोडताय माझ्या मदरबोर्डवर. बँक मी फोनवरच करतो. आणि ते 'तीस टक्के' कुठून आले, महापेच्या कॅन्टीनमधून?

घोडबंदर_ट्रॅफिक

जुना पीसी लाइट किती खातो ते बोला की कोणीतरी. ५०० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दिवसभर चालू ठेवायचा आणि वर गरिबीच्या गप्पा.

नौपाड्याचा_जुना_पीसी

अहो ५०० वॅटचा एसएमपीएस म्हणजे तो ५०० वॅट खातो असं नाही, तेवढे देऊ शकतो! प्लगला मीटर लावून बघितलंय, टायपिंग करताना ५५ च्या आसपास. तुमच्या घोडबंदरला गाडी जागेवर उभी राहून जे पेट्रोल जाळते त्याचा हिशोब करा आधी.

डीटीपी_ताई

मी सहसा वाचून सोडून देते, पण 'क्लाउडवर टाका, डबा म्हणजे डबा' हे वाचून डोकं फिरलं.

बाळा, मी वर्तकनगरला २३ वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, उत्तरकार्याचे कार्ड, सगळं. माझ्याकडे दोन मशीन आहेत. एक नवीन. दुसरं जुन्या विंडोज एक्सपीवालं, त्यात पानं लावायचं पेजमेकर ७, त्याला नेटची वायरच नाही. ज्या सॉफ्टवेअरवर माझं अर्धं आयुष्य टाइप झालंय त्याचं कुलूप म्हणजे डोंगल मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टात लागतं. ते पोर्ट तुझ्या नवीन लॅपटॉपवर दाखव. आणि फाइल क्लाउडवर टाकलीस तर काय होतं माहितीये? कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'श्री गणेशाय नमः' फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघड. सुरुवात होते इंग्रजी जे, एच, मग एक्स, मग टिंब, आणि 'नमः' चा विसर्ग म्हणजे टक्क्याचं चिन्ह! फाइल सुखरूप, मजकूर गेला. तुझ्या क्लाउडने जपून काय ठेवलं मग, टक्के?

डब्यातच असतं बाळा सगळं.

ऐरोलीचा_इनस्क्रिप्टवाला

ताई माफ करा पण हा डब्याचा गुण नाही, तुमच्या पिढीचा हट्ट आहे. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच नंबर देणाऱ्या प्रमाणात, १९९१ पासून आहे. एकोणीसशे एक्याण्णव! इनस्क्रिप्ट कीबोर्डही तेव्हापासूनचं सरकारी प्रमाण. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, दोन आठवड्यांत हात बसतो. तरी तुम्ही लोक इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे घालणारे फॉन्ट धरून बसलात आणि आता रडताय की मुखवटा पडला. या फॉन्टपायी मराठीचा किती मजकूर सर्चमध्ये सापडत नाही, विचार केलाय?

डीटीपी_ताई

हट्ट? पेजमेकरला युनिकोड कळत नाही, हे माझ्या हट्टामुळे? प्रेसवाला म्हणायचा ताई पेजमेकरची फाइल द्या, दुसरी घेणार नाही, संध्याकाळी प्लेट काढायचीय. मी काय त्याला १९९१ चं प्रमाण वाचून दाखवू? पोटापाण्याचं बघायचं होतं.

आणि तुमच्या युनिकोडचे गुण मला सांगू नका. आता गिऱ्हाईक मोबाइलवर मजकूर टाइप करून पाठवतं. 'नवऱ्या मुलाचे मामा' चं 'नवर्या मुलाचे मामा', 'दुसऱ्या' चं 'दुसर्या'. य वरचा रफार वेगळा आणि ऱ्य वेगळा हे त्या कीबोर्डला पण नाही माहीत आणि टाइप करणाऱ्याला पण नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये त्याला वेगळी की होती, चुकायची सोयच नव्हती.

ऐरोलीचा_इनस्क्रिप्टवाला

इनस्क्रिप्टमध्येही आहे!! शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. ऱ्य. तीन बटणं. लोकांना रोमनमध्ये बडवून मराठी उमटवायची सवय लागलीये त्याला युनिकोड काय करणार.

डीटीपी_ताई

बरं. मग ल चं सांगा. मागच्या मोसमात पहिल्यांदाच आख्खी पत्रिका तुमच्या युनिकोडमध्ये केली, भाच्याने आग्रह केला म्हणून. प्रूफ घेऊन गेले, मुलीचे आजोबा, ८० च्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्याला लावला आणि 'लग्न' वर बोट ठेवून म्हणाले, "हा ल आमचा नाही." दोन पाकळ्यांचा मराठी ल नाही, तो दांडीला टेकलेला हिंदीवाला. श पण तसाच. ३०० पत्रिकांची ऑर्डर, रात्री अकराला परत एक्सपी लावून जुन्या फॉन्टमध्ये केली. तेव्हा कुठे होतं तुमचं प्रमाण?

ऐरोलीचा_इनस्क्रिप्टवाला

चांगल्या फॉन्टमध्ये मराठी ल-श आत दिलेले असतात, मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडली की ते येतात. पानं लावायला इनडिझाइन असेल तर त्यातली वर्ल्ड रेडी कंपोझर ही सेटिंग चालू करा, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. भाच्याने सेटिंग बघितली नाही ते युनिकोडच्या माथी का?

डीटीपी_ताई

वा. म्हणजे आमच्या फॉन्टचा प्रॉब्लेम झाला तर आमचा हट्ट, तुमच्या फॉन्टचा झाला तर सेटिंग.

घोडबंदर_ट्रॅफिक

😂 ताई रॉक्स

ऐरोलीचा_इनस्क्रिप्टवाला

हसा. भाषेचं नुकसान झालं की सगळे हसतातच. मी माझ्या आईला वयाच्या ६१ व्या वर्षी इनस्क्रिप्ट शिकवलंय, ती भजनी मंडळाची वही उतरवते त्यात. ज्यांचा धंदा आहे त्यांना जमत नाही म्हणे.

डीटीपी_ताई

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. त्या वहीला डेडलाइन नसते. मला धंदा शिकवू नका. टायपिंगच्या क्लासला अजून पोरं ३० शब्द प्रति मिनिटाच्या परीक्षेला रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर) हात बसवतात, तिथे जाऊन भांडा. ल ची सेटिंग मात्र कुठे असते ते सविस्तर लिहा, मला नाही, भाच्याला पाहिजे.

नौपाड्याचा_जुना_पीसी

धागा माझा होता हो. विंडोज १० वर होता.

असो. @कोडर, एक कबूल करतो, ते मुदतवाढीचं मी केलं नव्हतं, तुझ्या टोमण्यानंतर काल रात्री केलं. आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची फुकटची सिस्टीम) पेन ड्राइव्हवरून चालवून बघितला, प्रिंटर आपोआप ओळखला, मला तर धक्काच बसला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे म्हणतात. म्हणजे डबा अजून तीन-चार वर्षं कुठे जात नाही, तू कितीही शंख कर.

कोपरखैरणेचा_कोडर

मिंट टाकणार असाल तर माझा विरोध संपला, मी सिक्युरिटीबद्दल बोलत होतो, तुमच्या कॅबिनेटशी माझं वैर नाही. मात्र 'म्युझियम' शब्दावर ठाम आहे, म्युझियमला पण चौकीदार लागतो. तीस टक्के मनचे होते, सोडा.

आता दुसरं. कोणी हसायचं नाही. ताईंचं ते टिंब-टक्क्यांचं वाचून बाबांचा जुना फोल्डर उघडला. आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, बाबांनी २००६ मध्ये तिच्यासमोर बसून टाइप केल्या होत्या, ४० पानं. आजी २०११ ला गेली. फाइल मी स्वतः क्लाउडवर टाकली होती, तीन ठिकाणी बॅकअप आहे, अगदी नियमाने. उघडली तर पहिल्या ओळीपासून एक्स, टिंब, सेमीकोलन. बाबांना फॉन्टचं नाव आठवत नाही. कन्व्हर्टर दोन लावले, अर्धे शब्द येतात, जोडाक्षरं सगळी फुटतात.

ताई, तुमच्या त्या एक्सपीवर उघडेल का?

डीटीपी_ताई

क्लाउडला विचारलंस का आधी?

ये रविवारी, अकरानंतर. माझ्याकडे जुने सगळे फॉन्ट आहेत, एकेक लावून बघू, विसर्ग टक्का दिसत असेल तर बहुतेक कृतिदेवच. बाबांना घेऊन ये, जिथे अडेल तिथे ओवी त्यांना तोंडपाठ असेल तर जुळवता येईल. आणि पेन ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आणू नकोस, माझ्या डब्याला तो कळत नाही.