जुन्या कारखानी मशीनवर चामडे शिवायचे आहे : मोटार बदलावी की मशीनच?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

नमस्कार. वागळे इस्टेटमधील शर्ट शिवण्याचा एक कारखाना बंद झाला, तेव्हा तेथील एक मशीन टेबल आणि मोटारीसह मी विकत घेतले. त्यावरील नावाची पट्टी पूर्ण झिजली आहे. आपल्याकडे अशा कोणत्याही मशीनला सरसकट ‘जुकी’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्याला डीबी×१ जातीची सुई लागते आणि टाका जास्तीत जास्त ४ मि.मी. पडतो. मला फावल्या वेळात पाकिटे, चष्म्याची घरे आणि जमल्यास कमरेचे पट्टे शिवायचे आहेत. चामडे साधारण १.२ मि.मी. जाडीचे असून त्याचे दोन थर असतील.

विकणाऱ्याने ‘घरी सहज चालेल’ असे सांगितले होते, परंतु मोटार तीन फेजची निघाली. रबाळे येथील मित्राच्या गाळ्यात ती जोडून पाहिली, तर पायडलवर पाय टेकताच आठ-दहा टाके निघून जातात, आणि पाय जपून दाबला तर सुई चामड्यात अडकून मशीन थांबते. १४ नंबरच्या साध्या सुईने मधले टाकेही सुटतात. यात काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने, याचे मार्गदर्शन हवे आहे.

तुर्भेकर

सुरुवात मोटारीपासूनच करा, कारण आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ तिथे आहे. आपली मोटार क्लच जातीची आहे. अशी मोटार चालू केली की सतत पूर्ण वेगाने, म्हणजे मिनिटाला सुमारे २८५० फेऱ्यांनी फिरत राहते. पायडलने आपण फक्त क्लच लावतो वा सोडतो. मोटारीची पुली १०० मि.मी. आणि मशीनच्या चाकाची खाच ७५ मि.मी. व्यासाची धरली, तर मिनिटाला ३८०० टाके होतात. शर्टाच्या लांब शिलाईला हा वेग योग्यच आहे. पुली ५० मि.मी.ची लावली तरी १९०० टाके, म्हणजे सेकंदाला तीसहून अधिक टाके उरतात. मुरलेले कारागीर क्लच अर्धवट घासत ठेवून हळू शिवतात, पण त्या स्थितीत सुईला पूर्ण जोर मिळत नाही. आपले मशीन अडकते ते यामुळेच.

घरच्या सिंगल फेजवर चालणारी सर्वो मोटार घ्यावी. ५५० वॉटची पुरेशी होते. ती पायडल दाबल्यावरच फिरते आणि तिचा कमाल वेग बटणाने बांधून ठेवता येतो. मात्र अगदी कमी वेगाला स्वस्त सर्वोचा जोरही उतरतो, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. त्यावर उपाय म्हणजे टेबलाखाली मधली जोडपुली बसवणे: मोटारीवरील ५० मि.मी.च्या पुलीने १५० मि.मी.ची पुली फिरवायची आणि तिच्याच दांड्यावरील लहान पुलीवरून मशीनकडे दुसरा पट्टा न्यायचा. पहिल्या टप्प्यातच वेग एकतृतीयांश होतो आणि घर्षणात जाते तेवढे वगळता जोर जवळजवळ तिप्पट होतो. सेकंदाला दोन टाके मिळाले की काम झाले असे समजा. ४ मि.मी.च्या टाक्याने पाकिटाची २० सें.मी.ची कड पंचवीस सेकंदांत पुरी होते. छंदाच्या कामाला यापेक्षा घाई कशाला?

सुईदोरा (वाशी)

तुर्भेकरांशी सहमत आहे, परंतु मोटार बदलल्याने टाके सुटायचे थांबणार नाहीत. कापडाची सुई धागे बाजूला सारून आत शिरते. चामड्यात बाजूला सरणारे धागेच नसतात, त्यामुळे टोकाशी धार असलेली सुई लागते. डीबी×१ मध्येच ‘एलआर’ टोकाची सुई मागावी. तिने टाका किंचित तिरपा पडतो आणि तो दिसायलाही सुबक असतो. ४० नंबरच्या बॉण्डेड नायलॉन धाग्यासाठी १८ नंबरची, म्हणजे १.१ मि.मी. जाडीची सुई घ्या. धाग्याचा नंबर लहान तसा तो जाड असतो. २० नंबरचा धागा दिसायला भारदस्त असला तरी त्याला २२ नंबरची सुई लागते, आणि शर्टाच्या मशीनच्या प्लेटचे छिद्र, हूक (खाली फिरून सुईचा धागा पकडणारा भाग) व माल पुढे ओढणारे दाते त्या जाडीसाठी केलेले नसतात.

सुई १४ वरून १८ केली की हूकचे अंतर पाहणे आवश्यक आहे. सुईचा व्यास ०.९ वरून १.१ मि.मी. झाल्याने तिची बाजू हूककडे सुमारे ०.१ मि.मी.ने सरकते, आणि या प्रकारच्या मशीनमध्ये हूकचे टोक व सुई यांच्यातील अंतरच मुळी ०.०४ ते ०.१ मि.मी. ठेवलेले असते. पाहिल्याशिवाय मोटार चालवली तर हूकचे टोक सुईवर घासून बोथट होते आणि मग कोणत्याच सुईने टाका धरत नाही. प्लेट काढून चाक हाताने आपल्याकडे फिरवा, सुई सर्वांत खालून वर येऊ लागली की थांबा आणि हूकचे टोक सुईच्या खाचेजवळून न टेकता जाते का, ते टॉर्चच्या उजेडात पाहा.

टाका ३ मि.मी.पेक्षा लहान ठेवू नये. चामड्यातील छिद्र पुन्हा बुजत नाही, त्यामुळे दाट शिलाई पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी फाटते. उलट टाके मारून शेवट पक्का करण्यापेक्षा दोन्ही धागे मागच्या बाजूला ओढून गाठ मारावी व टोक आचेने वितळवून बसवावे.

जुना शिंपी, नौपाडा

वरील सल्ला योग्य आहे, पण मशीनची मर्यादाही सांगायला हवी. हे मशीन माल फक्त खालच्या दात्यांनी ओढते. वरचा थर फूटला (वरून माल दाबून धरणाऱ्या पायाला) चिकटून मागे राहतो आणि शिलाईच्या शेवटी दोन तुकडे सरकलेले दिसतात. टेफ्लॉनचे फूट लावा, वरचा दाबाचा स्क्रू सैल करा आणि शिवण्यापूर्वी दोन्ही थर रबराच्या सोल्यूशनने चिकटवून घ्या. खालच्या बाजूला दात्यांचे वळ उमटतातच. त्यासाठी मूळ दाते घासू नका, पातळ कापडासाठीचा बारीक दात्यांचा संच वेगळा मिळतो. जाड पट्टे शिवायचे असतील, तर वरचे फूट आणि सुई दोन्ही मालाबरोबर चालणारे वॉकिंग फूट मशीनच हवे.

दुसरे, तेलाचे. या मशीनचा तेलपंप वेगावर चालतो. इतक्या हळू चालवल्यास वरच्या काचेत तेल उडताना दिसणार नाही. सुईदांड्याला हाताने थेंब-थेंब तेल द्यावे आणि नंतर रद्दी चामड्यावर पाच मिनिटे शिवावे. न रंगवलेल्या चामड्यावर पडलेला तेलाचा डाग जात नाही; माझी एक पूर्ण तयार पिशवी अशीच गेली.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वो आणि जोडपुली बसवली, सुई १८ नंबरची लावली आणि हूक तपासला. तो खरोखरच सुईला टेकत होता. शीव स्टेशनला उतरून धारावीतून चामड्याचे तुकडे किलोवर आणले आणि त्यांवर सराव केला. २.४ मि.मी.पर्यंत, म्हणजे पाकिटाच्या दोन थरांना, शिलाई सरळ आणि टाका सारखा येतो. कोपऱ्यावरचे शेवटचे तीन टाके मी चाक हातानेच फिरवून घेतो. पट्ट्याच्या जाडीला मात्र ४ मि.मी.चा टाका अडीचवर येतो आणि वळही खोल उमटतात, म्हणून पट्टे आता आरीने भोके पाडून हातानेच शिवणार आहे. तीन फेजची मोटार रबाळ्याच्या गाळ्यातच पडून आहे. तुर्भेकरांना उपयोगी असल्यास त्यांनी ती जरूर घेऊन जावी.