आधी ‘द यंग वन्स’ बघा

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरावर विनोदी मालिका लिहायचीय, आधी काय बघू, असं तुम्ही विचारलंत. त्यावर ‘फ्रेंड्स’ या मालिकेचं पारायण करा, असं कोणीतरी सुचवलंय, ते मला काही पटलं नाही. ती कमावत्या मंडळींची गोष्ट. विद्यार्थी म्हणजे कायमची कडकी आणि मनाविरुद्ध गळ्यात पडलेले रूममेट.

त्यासाठी बीबीसीची ‘द यंग वन्स’ बघा. १९८२ ते ८४, एकूण १२च भाग. चौघं विद्यार्थी एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, तरी एका कळकट घरात. त्यातला बिचारा नील मसूर शिजवतो आणि वर शिव्या खातो. ‘बॉम्ब’ भागात टीव्हीच्या परवान्याची (ब्रिटनमध्ये घरी टीव्ही बघायला तो लागतो) चौकशी करायला माणूस येतो, तर पुरावा नको म्हणून चौघांतला व्हिव्हियन अख्खा टीव्हीच खाऊन टाकतो! वायर तोंडातून लोंबतेय, आणि गडी म्हणतो, हा टोस्टर आहे. मधेच बँड येऊन गाणं वाजवतो, कारण ‘व्हरायटी’, म्हणजे गाणी-विनोदाचा मिश्र कार्यक्रम, म्हटलं की बजेट जास्त मिळायचं. (निर्मात्यांचा हा जुगाड मला मालिकेइतकाच आवडतो.)

हा धुडगूस झेपणार नसेल तर ‘फ्रेश मीट’, २०११ची, मँचेस्टरमधली. हॉस्टेल न मिळालेले सहा जण एका घरात येतात. लेखकद्वयी स्वतः मँचेस्टरलाच शिकलेली.

तुम्हाला पुण्यातल्या कॉट बेसिसवर लिहायचंय ना? मग गॅस सिलिंडर भर जेवणाच्या वेळी संपवा आणि नवीन कोणाच्या पैशाने आणायचा यावर पहिला भाग लिहा. प्रेमप्रकरणं चौथ्या भागापर्यंत थांबू शकतात.