पणजोबांचं पदक घासू नका

नीलू (पर्वरी): काल आत्याने देव्हाऱ्याचे फोटो पाठवले ते बघितले का सगळ्यांनी? आत्या, तो खंडोबाचा टाक नाहीये गो. ते पदक आहे, ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धाचं. झूम करून बघ, घोडेस्वाराच्या बाजूला १९१४ आणि १९१८ लिहिलंय आणि घोड्याच्या पायाखाली गरुडाची ढाल आहे. मागच्या बाजूला पंचम जॉर्ज असणार.

आत्या (म्हापसा): मागे एक टकला आहे खरा. मला वाटायचं नाणं ठोकून केलाय टाक. आई रोज कुंकू लावायची, मी पण लावते, दसऱ्याला झेंडू पण वाहते. आता काय करू?

बाबू (बेळगाव): टकला म्हणजे सम्राट गो आत्या 😂

मोठे काका (पेडणे): सुप्रभात. पदक माझ्याकडे पाठवा, बाजारात ओळखीचा सोनार आहे, पॉलिश करून चकाचक देईल, मग फ्रेम करून हॉलमध्ये लावू.

नीलू (पर्वरी): काका नको!! कृपा करून कोणी घासू नका. या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात ना तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आपल्या पणजोबांबद्दल सगळ्या घरात मिळून तेवढा एकच भरवशाचा कागद आहे आणि तो चांदीचा आहे. दोनदा घासलं की अक्षरं गेली. आत्या, आधी कडेचा फोटो काढ, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धर.

मोठे काका (पेडणे): पण आमचे आजोबा पोर्तुगीज सैन्यात होते असं बाबा सांगायचे. मोझांबिकला गेले होते.

नीलू (पर्वरी): मग पदकावर लिस्बनचं काहीतरी असतं ना काका, लंडनचा राजा कशाला असेल. मोझांबिकची गोष्ट बहुतेक वेगळ्याच कोणाची तरी आहे. १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं होतं, सत्तरीतल्या दादा राण्यांनी त्यांना साथ दिली, तेव्हा पेडणे सत्तरीकडच्या घराघरात ते बोललं गेलं असणार आणि पुढे तीन पिढ्यांत ते आपल्याच माणसाला चिकटलं. पणजोबा तेव्हा जन्मले तरी होते की नाही कोण जाणे.

बाबू (बेळगाव): मी युद्धस्मारकांच्या साइटवर आपलं आडनाव घालून शोधलं, बसऱ्याच्या स्मारकावर एक सापडला!! भारी ना?

नीलू (पर्वरी): बाबू ती मेलेल्यांची यादी आहे रे. पणजोबा परत आले, आजोबा १९२४ चे, नाहीतर तू टाइप कसा करतोयस.

बाबू (बेळगाव): 🙈

आत्या (म्हापसा): हा घ्या फोटो. कुंकू बसलंय सगळीकडे, चष्मा लावून पण नीट दिसत नाही.

नीलू (पर्वरी): दिसतंय दिसतंय. नंबर, मग ‘सिपॉय’, मग नाव... आत्या, हे गावकर नाहीये. पेडणेकर लिहिलंय!

मोठे काका (पेडणे): मग आपला नव्हेच तो. आम्ही गावकर. पेडण्यात कोणी पेडणेकर नसतो.

नीलू (पर्वरी): तेच तर म्हणते काका. पेडण्यात राहणारा स्वतःला पेडणेकर कशाला म्हणेल, गाव सोडलं की माणूस पेडणेकर होतो. पणजोबा तेरेखोल ओलांडून सावंतवाडीत गेले, तिथून आंबोली घाट चढून बेळगाव, तिथे भरतीच्या टेबलावर कारकुनाने विचारलं असेल कुठला रे तू, हे म्हणाले पेडण्याचा, झालं, तेच आडनाव. पहिलं नाव तर तेच आहे, आजोबांच्या नावापुढे लागतं ते. आणि एक गंमत, ते ज्या दिवशी नदीपार झाले त्या दिवशी कागदोपत्री परदेशी होते. पोर्तुगाल १९१६ च्या मार्चपर्यंत युद्धात नव्हतंच. त्यांना स्वतःला तसं किती वाटलं असेल ते सोडा, पेडणे महालच १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता, अलीकडे आणि पलीकडे पाव्हणे तेच.

आत्या (म्हापसा): म्हणूनच तर इन्व्हेंटरीत तसं लिहिलंय! त्यांच्या थोरल्या भावाच्या मरणानंतरची कोर्टातली वाटणीची कागदं आहेत ना, त्यात यांच्या नावापुढे पोर्तुगीजमध्ये ‘आउझेंत’ लिहिलंय, वकिलाने सांगितलं होतं गैरहजर, ठावठिकाणा माहीत नाही. माणूस बेळगावात पगार घेतोय आणि इकडे कोर्टात बेपत्ता. आणि म्हणूनच वरची बागायत...

मोठे काका (पेडणे): बागायतीचा विषय या ग्रुपवर नको.

आत्या (म्हापसा): मी कुठे काढला, कागदात आहे ते सांगितलं.

नीलू (पर्वरी): बरं बरं, पदकाकडे या. पलटणीचा आकडा महत्त्वाचा आहे. १ आणि १ स्पष्ट आहेत, तिसऱ्या आकड्यात कुंकू भरलंय, शून्य वाटतोय किंवा चार. पुढे ‘महरट्टा’ दिसतंय, त्यानंतरचं बुजलंय. ११० असेल तर गोष्ट एक आणि ११४ असेल तर सगळीच वेगळी.

बाबू (बेळगाव): म्हणजे?

नीलू (पर्वरी): ११० म्हणजे कूतचा वेढा. इराकात टायग्रिसच्या काठी, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, टाउनशेंड नावाचा जनरल, त्याच्याबरोबर १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या. शेवटी खायला घोडे मारले, बऱ्याच भारतीय शिपायांनी बरेच दिवस ते खायला नकार दिला आणि उपासाने गळाले. शरण गेल्यावर वाळवंटातून चालवत नेलं, खूप जणांना रेल्वेच्या कामाला जुंपलं, असंख्य वाटेत गेले. ११४ मात्र कूतमध्ये नव्हती. तिचं नाव शरकतच्या लढाईशी जोडलेलं, ऑक्टोबर १९१८, तीही टायग्रिसवरच पण मोसुलच्या खाली. बाबू, तुमच्याकडे बेळगावात मराठा रेजिमेंटच्या सेंटरात ३० ऑक्टोबरला शरकत डे असतो ना, तो तिचाच.

मोठे काका (पेडणे): मग कूतच. बाबा सांगायचे, आजोबा उशाशी भाकरी ठेवून झोपायचे. उपाशी राहिलेला माणूसच असं करतो.

बाबू (बेळगाव): काकांचं पटतंय.

नीलू (पर्वरी): मलाही पटतंय म्हणूनच भीती वाटते. गोष्ट छान जुळली की आपण आकडा बघायचंच सोडतो. काका, ट्रंकेत त्यांचा एक अर्धा फाटलेला कागद होता ना, मागे लग्नात दाखवला होतात?

मोठे काका (पेडणे): आहे. त्यात काही नाही, तारीख आहे फक्त, १०/५, म्हणजे दहा मे, साल फाटलंय. पुढे कोणाची तरी सही, एम. एल. आय.

नीलू (पर्वरी): काका!!!!

मोठे काका (पेडणे): काय झालं?

नीलू (पर्वरी): ती सही नाही, महरट्टा लाइट इन्फन्ट्री आहे ती. आणि १०/५ तारीख नाही. १९२२ मध्ये सगळ्या पलटणींचे आकडे बदलले, पाच नंबरची रेजिमेंट मराठ्यांची, ११० ची झाली ३/५ आणि ११४ ची झाली १०/५, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दहावी बटालियन, रंगरूट तयार करणारी. म्हणजे पणजोबा १९२२ नंतरही नोकरीत होते आणि ११४ चे असायची शक्यता जास्त. पण तेव्हा माणसं इकडून तिकडे बदलून पण जायची म्हणून कडेवरचा आकडा बघायलाच हवा. आत्या, पातळ कागद कडेभोवती गुंडाळ आणि वरून शिसपेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरव, लहानपणी नाण्याचे ठसे काढायचो तसं. पाणी, चिंच, टूथपेस्ट काही लावू नकोस.

आत्या (म्हापसा): चिंच लावायलाच निघाले होते. थांबा.

बाबू (बेळगाव): चाळीस वर्षं ट्रंकेत तारीख म्हणून पडली होती ती पलटण 😂

मोठे काका (पेडणे): कोणी सांगायला तर हवं होतं.

आत्या (म्हापसा): काढला ठसा. बघा. मला तरी चार दिसतोय, उभी दांडी खाली आलीय.

नीलू (पर्वरी): चारच आहे. ११४. काका, शरकत. कूत नाही.

मोठे काका (पेडणे): मग भाकरी उशाशी का ठेवायचे?

आत्या (म्हापसा): आई म्हणायची पहाटे उठून पेजेआधी खायचे. सवय होती, बाकी काही नाही. बाबांनी नंतर त्याची गोष्ट केली.

मोठे काका (पेडणे): हम्म. बरं.

नीलू (पर्वरी): बाबू, तू सेंटरात जाऊन विचार, ११४ आणि १०/५ दोन्ही सांग, पेडणेकर नावाने विचार, गावकर म्हटलंस तर नाही म्हणतील. आणि काका, ट्रंकेत मोडीतलं काही असेल तर फेकू नका, चतुर्थीला आले की फोटो काढते.

आत्या (म्हापसा): सगळं ठीक आहे पण मी उद्यापासून कुंकू लावू की नको ते सांगा. इतकी वर्षं लावलंय, आता एकदम बंद कसं करणार.

नीलू (पर्वरी): लाव गो. पण घोड्यावर, कडेला नको.