रुतलेले नख : उपचार आणि प्रतिबंध, आपले अनुभव

पायाच्या अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतते तेव्हा दुखणारी जागा अगदी लहान असते, पण त्यामुळे बूट घालणे, जिना उतरणे, इतकेच काय, रात्री पांघरुणाचा अंगठ्याला होणारा स्पर्शही नकोसा होतो. तरीही बहुतेक जण हे दुखणे किरकोळ समजून अंगावर काढतात आणि ठणका असह्य झाला की नेलकटरने कोपरा उकरून काढतात. त्याने चार दिवस बरे वाटते. मात्र कातरताना आत राहिलेला नखाचा टोकदार अंश नखाबरोबर पुढे सरकत राहतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेथेच घुसतो. हे चक्र कोणाचे, कशाने थांबले, हे एकमेकांना सांगण्यासाठी हा धागा आहे.

लिहिताना पू झाला होता का, घरी काय केले, डॉक्टरांनी काय केले आणि मुख्य म्हणजे त्यानंतर बराच काळ लोटल्यावर स्थिती कशी होती, हे आवर्जून नमूद करावे. अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते आणि ते मुळापासून पूर्ण नवे येण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते; त्यामुळे आठवडाभरात आराम पडला, एवढ्यावरून उपाय लागू पडला असे म्हणता येत नाही. मधुमेह, पायातील रक्ताभिसरणाचा विकार किंवा पायांना बधिरता असलेल्यांनी घरगुती उपाय स्वतःवर करून पाहू नयेत, ही कळकळीची विनंती.

किशोरवयीन मुलाची आई

माझ्या मुलाला हा त्रास वाढीच्या वयात सुरू झाला. त्या वयात पायांना घाम फार येतो, नखे मऊ पडतात, पाय भराभर वाढत असल्याने बूट केव्हा आखूड झाले ते कळत नाही, आणि नखे कापण्याऐवजी बोटांनी ओढून तोडण्याची सवय अनेक मुलांना असते. त्याच्या बाबतीत ही सगळी कारणे एकत्र आली होती. अंगठ्याची कड लाल होऊन सुजली होती, पण पू नव्हता, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई न करता नखाचा कोपरा उचलून धरण्याचा उपाय शिकवला.

दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, नंतर बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडा करायचा आणि कड मऊ असतानाच सुजलेले मांस बोटाने हलके नखापासून दूर दाबायचे. मग स्वच्छ कापसाचे थोडे तंतू दोन बोटांत वळून अगदी बारीक वात करायची आणि तिचे टोक नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायचे. वात जाड झाली तर आत जात नाही आणि जबरदस्ती केली तर रक्त येते. ती इतकी बारीक हवी की सरकवताना मुलाने पाय मागे घेऊ नये. ही वात रोज बदलावी लागते, कारण ओलसर कापूस तसाच राहिला तर त्यातूनच संसर्ग होतो. याशिवाय चिकटपट्टीचे एक टोक सुजलेल्या कडेवर, नखाच्या अगदी लगत लावून कड नखापासून बाजूला ओढायची आणि पट्टी अंगठ्याखालून तिरकी नेऊन चिकटवायची. पट्टी अंगठ्याभोवती गोल आवळायची नाही.

पहिल्या आठवड्यात दुखणे कमी झाले, पण आम्ही थांबलो नाही. नखाचा कोपरा मांसाच्या कडेपुढे बाहेर आलेला स्पष्ट दिसेपर्यंत हे चालू ठेवले. माझ्या मते या उपायाचा कस येथेच लागतो. ठणका थांबला की मुलेही कंटाळतात आणि पालकही. त्यानंतर मोठ्या मापाचे बूट घेतले, आणि त्याची नखे आता सरळ रेषेत कापली जातात. त्रास पुन्हा झालेला नाही.

दिवसभर जड बुटांत उभ्याने काम करणारा

माझे प्रकरण घरगुती उपायांच्या पलीकडे गेले होते. टोकाला लोखंडी टोपी असलेले बूट कामावर बंधनकारक आहेत, त्यामुळे अंगठ्यावर दाब कायमचाच. नखाच्या कडेला लालभडक, ओलसर, जरा धक्का लागला की रक्त येणारी मांसाची वाढ झाली होती. प्रतिजैविकांनी पू कमी होई आणि गोळ्या संपल्या की पुन्हा येई. एका ठिकाणी पूर्ण नख काढण्यात आले, पण मुळावर काहीच उपचार न झाल्याने नवे नख आले ते त्याच कडेने रुतत आले.

शेवटी ज्या शल्यचिकित्सकांकडे गेलो त्यांनी नीट समजावून सांगितले. नखाचा तुकडा मांसात घुसलेला असेपर्यंत शरीर त्याला काट्यासारखे बाहेर ढकलू पाहणार, आणि काटा तसाच ठेवून दिलेली गोळी तेवढ्यापुरतीच काम करणार. त्यांनी नखाची फक्त रुतणारी कड काढून तेवढ्याच भागाच्या मुळावर फिनॉल, म्हणजे पेशी जाळणारे रसायन, लावण्याचा सल्ला दिला.

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलेची इंजेक्शने देतात. संपूर्ण प्रक्रियेत दुखते ते एवढेच, आणि ते बरेच दुखते, हे सांगितलेले बरे. बधिरता आल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी बुडाशी रबरी पट्टी आवळली, नख कडेलगत उभे चिरले आणि ती चिंचोळी पट्टी मुळापासून उपसून काढली. डॉक्टरांनी ती जाळीदार कापडावर ठेवून मला दाखवली : वरून दिसणारा भाग सरळ होता, पण मांसात दडलेल्या बाजूला माशाच्या गळासारखे एक तीक्ष्ण टोक होते. इतके दिवस बोचत होते ते हेच. नंतर मुळावर फिनॉल लावून तेवढ्या भागातील नख तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या आणि रबरी पट्टी सोडली.

त्या रात्री वेदना अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी होत्या, पण जागा काही आठवडे ओलसर राहिली आणि पिवळसर स्राव येत होता. फिनॉलनंतर हे अपेक्षित असते, हे आधी सांगितलेले असल्याने मी घाबरलो नाही. नख आता जरासे अरुंद आहे, एवढाच फरक. याला बराच काळ झाला, तेच बूट थोडे रुंद मापाचे घेऊन वापरतो आणि ती कड पुन्हा रुतलेली नाही. ज्यांचे दुखणे वारंवार उलटते त्यांनी इंजेक्शनच्या भीतीपोटी हा उपाय टाळू नये.

लांब पल्ल्याची धावपटू

उतारावरून धावताना पाय बुटात पुढे घसरतो आणि प्रत्येक पावलाला अंगठ्याचे टोक बुटावर आदळते. त्यामुळे उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहील असे बूट निवडावेत. पाय संध्याकाळपर्यंत थोडे सुजतात, म्हणून माप त्याच वेळी, धावताना घालायचे मोजे घालून पाहावे. नाडी घोट्याजवळ घट्ट बांधल्याने घसरणे कमी होते. घट्ट मोजेही नखाची कड दाबतात, याकडे कोणी लक्ष देत नाही.

मधुमेही वडिलांची देखभाल करणारा मुलगा

वडिलांना दुखलेच नाही, आणि धोका नेमका त्यातच होता. मोज्यावर डाग दिसला म्हणून पाय पाहिला तेव्हा अंगठ्याची कड सुजून पू झालेला होता. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावल्याने त्यांना काहीच जाणवले नव्हते. डॉक्टरांनी नखाला हात लावण्यापूर्वी पायातील नाड्या तपासल्या, रक्तातील साखर पाहिली आणि जखम भरण्याइतका रक्तपुरवठा आहे याची खात्री करून मगच कड काढली. घरी कोमट पाण्यात पाय बुडवण्यास त्यांनी सक्त मनाई केली, कारण बधिर पायाला पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि भाजण्याची भीती असते. आता मी रोज त्यांचे तळवे, बेचक्या आणि नखांच्या कडा उजेडात पाहतो, आणि त्यांची नखे प्रशिक्षित व्यक्तीकडूनच कापून घेतो.

शस्त्रक्रिया विभागातील परिचारिका

ड्रेसिंगसाठी येणाऱ्या रुग्णांकडून सर्वाधिक ऐकलेला समज म्हणजे नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आपोआप मध्याकडे ओढल्या जाऊन मांसातून सुटतात. नख मुळातून वाढते, त्याच्या टोकाला काय कापले याचा वाढीच्या दिशेवर काहीही परिणाम होत नाही; तेव्हा खाच पाडण्याच्या भानगडीत पडू नये.

नख कापताना पायाच्या नखांसाठीचे, सरळ पात्याचे नेलकटर घ्यावे. एका दमात कापू नये, लहान लहान तुकडे काढत सरळ रेषेत जावे आणि नख बोटाच्या टोकाच्या आत जाईल इतके आखूड करू नये. कोपरे दिसत राहिले पाहिजेत. टोचत असतील तर कानशीने किंचित घासावेत, गोलाई देऊ नये. गरोदरपणात पाय सुजतात आणि शेवटच्या महिन्यांत वाकताही येत नाही, अशा वेळी हे काम निःसंकोचपणे घरातील दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांमध्ये नखाच्या कडेला मांस वाढून असा त्रास झालेला दिसतो. गोळ्या मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावे.

लाली अंगठ्यावरून पावलावर पसरू लागली, लाल रेघ वर चढताना दिसली, ताप आला किंवा पाय टेकवणे अशक्य झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

वर फिनॉलचा अनुभव ज्यांनी लिहिला आहे त्यांनी स्रावाचा उल्लेख केला हे फार चांगले झाले, कारण अनेक रुग्ण तो पू समजून घाबरतात. स्राव पातळ आणि पिवळसर असेल, वेदना दिवसागणिक कमी होत असतील, तर जखम भरत आहे असे समजावे. वेदना आधी कमी होऊन पुन्हा वाढू लागल्या, सूज चढली किंवा दुर्गंधी आली, तर मात्र पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता ड्रेसिंग उघडून दाखवावे. बंद बूट घालण्याची घाई करू नये. जागा कोरडी होईपर्यंत पुढून उघडी पादत्राणेच वापरावीत.