प्रेम की परावलंबन? जाणकारांनी लिहा

ब्रेकअपच्या कहाण्या नकोत. ओळखायचं कसं आणि करायचं काय, तेवढंच.

*

"किती आठवण येते" हा निकषच चुकीचा. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या आई-मुलाच्या ओढीवरच्या प्रयोगात वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई फार तर ३ मिनिटं बाहेर जायची. मूल रडलं का, यापेक्षा आई परतल्यावर ते शांत होऊन खेळाकडे वळलं का, याला जास्त महत्त्व होतं. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी ही चौकट मोठ्यांच्या प्रेमाला लावली. तेव्हा बघायचं ते हे: व्हॉट्सॲपवर उत्तर आलं की आपण हातातल्या कामाला लागतो, की "इतका वेळ काय करत होतास?" सुरू होतं?

*

दोन आठवडे वही ठेवा. रकाने चार: वेळ, काय घडलं, हातातलं काय टाकलं, मन थाऱ्यावर यायला किती मिनिटं लागली. तिसरा रकाना सगळ्यात बोलका. मैत्रिणीसोबतचा ट्रेक, आईचा फोन, रात्रीचं जेवण असं तिथे साचू लागलं तर ते परावलंबन समजा. जोडीदार कधी ऑनलाइन होता हे मात्र लिहू नका. मग ती नोंद नाही, पाळत झाली.

*

"चिडला नाहीस ना?" असं दहादा विचारलं आणि दहादा "नाही गं" मिळालं, तरी अकराव्यांदा विचारावंसं वाटतंच. दिलासा मिळाला की घालमेल तात्पुरती उतरते, म्हणून विचारायची सवय पक्की होते. उपाय: जोडीदाराने पहिल्यांदा मनापासून उत्तर द्यायचं, पुढे "मघाशी बोललोय, साडेसातला फोन करतो" एवढंच. आणि साडेसातला फोन करायचाच! इथेच बहुतेकांचं फिसकटतं.

*

वरचं पटलं, पण सगळं खापर विचारणाऱ्यावर नको. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगात कबुतरांनी बटण टोचलं की दाणा कधी मिळे, कधी नाही. अशी लागलेली टोचायची सवय दाणा बंद झाल्यावरही लवकर सुटत नसे. एक दिवस लाडीगोडी, मग दोन दिवस अबोला, असं कुणी वागत असेल तर स्थिर माणूसही फोनला चिकटेल. वहीत जोडीदाराचा अबोलाही लिहा.

*

पासवर्ड मागणं, सतत लोकेशन चालू ठेवायला लावणं याला परावलंबन म्हणून पांघरूण घालू नका, तो ताबा आहे. "सोडलंस तर जीव देईन" ही धमकी वाटली तरी खरीच धरायची. त्या माणसाला एकटं न ठेवता घरच्यांना कळवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.